पेनांगमधला गुरुवार

मलेशियाच्या पेनांग बेटावरच्या जॉर्ज टाउनमधल्या पहिल्या सकाळी आईने चहाचा एक घोट घेतला, पेला टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “हा चहा नाही गं, बासुंदी आहे.”

चूक माझीच होती. ‘एक चहा, दूध घालून, साखर कमी’ असे मी इंग्रजीत सांगितले होते आणि कॉफीच्या दुकानातल्या, बनियन घातलेल्या वृद्ध चिनी गृहस्थांनी मान डोलावून अगदी तसाच चहा आणला होता, फक्त त्यांच्या हिशेबाने. पेल्याच्या तळाशी बोटभर कंडेन्स्ड मिल्क आणि वरून ओतलेला तांबडा कडक चहा. त्या दुकानात ‘दूध’ म्हणजे डब्यातले गोड आटवलेले दूध, त्यामुळे दूध मागितले की साखर त्याच्याबरोबर येतेच, आणि ‘साखर कमी’ याचा अर्थ वरची चमचाभर घातली नाही, एवढाच होतो. विषुववृत्ताजवळच्या उष्ण, दमट हवेत ताजे दूध टिकवणे अवघड होते, ब्रिटिश काळात डबाबंद दूध आले आणि तेच तिथल्या चहा-कॉफीच्या अंगवळणी पडले. आमच्या माहीमच्या घरी सकाळी पिशवीतले दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसपाशी उभी राहणारी माझी आई हे ऐकून काही बोलली नाही. तिने फक्त पेला माझ्याकडे सरकवला.

आम्ही दोघी २०२५च्या नोव्हेंबर अखेरीस नऊ दिवसांसाठी मलेशियाला गेलो होतो. भारतीय पारपत्रावर तीस दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, ही सवलत १ डिसेंबर २०२३ पासून सुरू आहे. निघण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमनपत्र भरायचे, एवढेच काम. क्वालालंपूरला दोन रात्री काढून आम्ही रेल्वेने बटरवर्थला आणि तिथून फेरीबोटीने पेनांग बेटावर आलो. प्रवासाविषयी याहून अधिक सांगण्यासारखे काही घडले नाही. खरी अडचण आईच्या दोन अटींची होती. पहिली, परदेशात जाऊन पंजाबी थाळी खायची नाही, तिथली माणसे जे खातात तेच खायचे. दुसरी, मार्गशीर्ष चालू असल्यामुळे गुरुवार मोडायचा नाही. आईचे माहेर मालवणचे. मासळीशिवाय तिला जेवल्यासारखे वाटत नाही, पण गुरुवारी घरात मासळीचा वाससुद्धा चालत नाही. या दोन अटी एकमेकींशी किती भांडणार आहेत, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

मलेशियाची २०२० च्या जनगणनेतली लोकसंख्या ३ कोटी २४ लाख. नागरिकांपैकी ६९.४ टक्के भूमिपुत्र, म्हणजे मलय आणि इतर मूळ रहिवासी, २३.२ टक्के चिनी वंशाचे आणि ६.७ टक्के भारतीय वंशाचे. ‘बुमिपुतेरा’ हा त्यांचा सरकारी शब्द आमच्या कानांना लगेच कळला, कारण तो आपला ‘भूमिपुत्र’च आहे, मुंबईत राहणाऱ्याला तर त्याचे सगळे राजकीय पदरही न सांगता कळतात. पेनांगचे प्रमाण याहून वेगळे आहे. १७८६ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस लाइटने तिथे बंदर वसवल्यावर दक्षिण चीनमधून होक्कियन बोली बोलणारे चिनी, तमिळ किनाऱ्यावरून मुसलमान व्यापारी आणि चेट्टियार सावकार, शिवाय बर्मी, सयामी आणि आर्मेनियन असे सगळे आले, आणि आजही जॉर्ज टाउनच्या गल्ल्यांत चिनी पाट्याच जास्त दिसतात. एकाच रस्त्याच्या आसपास १८१८ चे सेंट जॉर्ज चर्च, क्वान यिन या करुणेच्या देवीचे चिनी देऊळ, १८३३ चे महामारियम्मन मंदिर आणि १८०१ मध्ये स्थापन झालेली कपितान केलिंग मशीद आहे. पर्यटक इथे थांबून भारावून जातात. आई भारावली नाही. शितळादेवी, मखदूमशाह बाबांचा दर्गा आणि सेंट मायकेलचा बुधवारचा नोव्हेना हे सगळे जिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तिला देवळाशेजारी मशीद असण्याचे नवल कशाला वाटेल? तिला नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे, आणि ते कळायला आम्हांला पाच दिवस लागले.

आधी मागवायला शिकावे लागले. चिनी कॉफीच्या दुकानाला तिथे ‘कोपितियाम’ म्हणतात. ‘कोपी’ मलय आणि ‘तियाम’ म्हणजे दुकान हे होक्कियन. संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, कोपऱ्यावरची मोक्याची जागा, हे पाहून आपल्या इराण्यांची आठवण न येणे अशक्य. साम्य केवळ दिसण्यातले नाही. यांतली बरीच दुकाने हैनान बेटावरून आलेल्यांनी सुरू केली. ते इतर चिन्यांच्या मानाने उशिरा आले, तोवर फायद्याचे धंदे इतरांनी व्यापले होते, म्हणून साहेबांच्या घरी आणि जहाजांवर स्वयंपाकी झाले आणि पुढे त्यातूनच कॉफी-पावाच्या धंद्यात उतरले. आपल्याकडे मस्का, तसा तिथे टोस्टवर लोण्याबरोबर ‘काया’ लावतात. नारळाचे दूध, अंडी आणि साखर मंद आचेवर घोटून केलेला हा जॅम आईला पहिल्या दिवसापासून आवडला.

चहाचे गणित मात्र तिसऱ्या दिवशी सुटले. ‘कोपी’ म्हटले की गोड आटवलेल्या दुधाची कॉफी. ‘कोपी-ओ’ म्हणजे काळी, पण साखर घातलेली, कारण ‘ओ’ म्हणजे होक्कियनमध्ये काळा. ‘कोपी-सी’ म्हटले की डब्यातले साखर नसलेले आटीव दूध येते, साखर वेगळी घालतात. ‘पेंग’ म्हणजे बर्फ, हाही होक्कियन. ‘कुरांग मानिस’ म्हणजे गोड कमी, हे मलय. आणि ‘कोसोंग’ म्हणजे मलयमध्ये रिकामा, शून्य. टेलिफोन क्रमांक सांगतानाही शून्याला ते कोसोंगच म्हणतात. तेव्हा आईला हवा असलेला चहा म्हणजे ‘ते-सी कोसोंग’. एका पेल्यासाठी एवढ्या भाषा खर्च होतात याचे मला कौतुक वाटत होते, पण आईने तो शब्द आपल्या पद्धतीने लक्षात ठेवला: “कोसोंग म्हणजे भोपळा.” चौथ्या दिवशी तिने स्वतःच मागवला. बनियनवाल्या गृहस्थांनी आत वळून ते तीन शब्द जसेच्या तसे ओरडून सांगितले, आणि बदकाच्या चोचीसारखी लांब तोटी असलेल्या पत्र्याच्या भांड्यातून, पायमोज्यासारख्या लांबट कापडी गाळणीतून गाळलेला चहा आला. आईने घोट घेतला आणि पेला ठेवला नाही.

बसण्याचीही रीत असते. दुकान एकाचे, पण त्यात खाण्याच्या गाड्या पाच-सहा जणांच्या, प्रत्येकाचा एकच पदार्थ. आधी टेबल धरायचे, मग गाडीपाशी जाऊन पदार्थ सांगायचा आणि टेबलाचा क्रमांक द्यायचा. पदार्थ आला की त्याचे पैसे त्यालाच. पेय मात्र दुकानमालकाकडूनच घ्यायचे, कारण तुम्ही बसलात ती खुर्ची त्याची. हे ठाऊक नसल्यामुळे पहिल्या दिवशी आम्ही पिशवीतली पाण्याची बाटली काढून बसलो होतो, आणि आमच्या टेबलाकडे इतक्या शांतपणे पाहिले गेले की मलाच शरमल्यासारखे झाले.

हाक मारण्याचा प्रश्न याहून नाजूक. मुंबईत आपण उडुपी हॉटेलात अण्णा म्हणतो, भाजीवालीला मावशी म्हणतो, कुणाला चाचा, कुणाला शेठ. माणूस पाहून नाते ठरते. तिथेही तसेच. मलय बाईला ‘मकचिक’ किंवा थोडी तरुण असेल तर ‘काक’, तमिळ माणसाला ‘अण्णे’, चिनी वयस्कांना सरळ ‘अंकल’ आणि ‘आंटी’. तमिळ मुसलमानांच्या रात्रभर चालणाऱ्या हॉटेलांना ‘मामाक’ म्हणतात, तो शब्द तमिळ ‘मामा’वरूनच आलेला. आई म्हणाली, “म्हणजे आपण मामाकडेच जेवतोय.” चुकीचे नाते लावण्याची भीती असणाऱ्यांसाठी एक सोय आहे, तीही मुंबईची वाटावी अशी: ‘बॉस’. मामाकमध्ये वाढप्याला गिऱ्हाईक बॉस म्हणते आणि गिऱ्हाइकाला वाढपीही. आईला मात्र तीन दिवसांत तीन नावे मिळाली. घरमालकीण तिला मकचिक म्हणे, फुलवाला अम्मा म्हणे आणि कोपितियाममध्ये ती आंटी होती. फुलवाल्याने तिच्याशी भडाभडा तमिळ बोलायला सुरुवात केली होती, कारण तिथे भारतीय म्हटले की आधी तमिळ असेच गृहीत धरतात. तमिळ येत नाही म्हटल्यावर त्याने तिच्याकडे जराशा सहानुभूतीने पाहिले.

आता बांगड्याविषयी. एअर इतम हा बेटाच्या मधला डोंगरपायथ्याचा भाग, तिथे केक लोक सी हे मोठे बौद्ध मंदिर आहे आणि त्याच्या पायथ्याशी बाजार. तिथे आम्ही आसाम लाक्सा खाल्ला. आसाम म्हणजे आंबट. तांदळाच्या जाड, गुळगुळीत शेवया, त्यावर माशाचे शिजवून कुसकरलेले तुकडे घातलेला पातळ तांबूस रस्सा, वर काकडी, कांदा, अननस, पुदिना, आणि पळीच्या टोकाला ‘हे को’ नावाचा कोळंबीचा काळा, गोडसर, चिकट रस. मी पहिल्या घासाला गोंधळले. आईने डोळे मिटून रस्सा चाखला, पुन्हा चाखला आणि निकाल दिला, “बांगडा आहे. आणि आमसूल. तिरफळ नाही घातलंय, पण कसल्या तरी फुलाचा वास आहे.”

तिचे एकही विधान खोटे निघाले नाही. मासा ‘इकान केंबोंग’, म्हणजे आपला बांगडाच. फूल आल्याच्या कुळातल्या एका झाडाचे, त्याला ‘बुंगा कंतान’ म्हणतात. आणि आंबटपणा ‘आसाम गेलुगोर’ या फळाच्या वाळवलेल्या चकत्यांचा. हे झाड गार्सिनिया प्रजातीतले, म्हणजे आपल्या रातांब्याचे सख्खे भावंड. दुसऱ्या दिवशी बाजारात तिने त्या चकत्या शोधून काढल्या. बाजाराचे नाव चौरस्ता. जॉर्ज टाउनमध्ये मासळी घ्यायला ‘चौरस्ता बाजारात’ जावे लागते, हे ऐकून आई रस्त्यातच हसायला लागली. तिथे तिने बांगड्याचा कल्ला उचलून पाहिला आणि कोळणीकडे पाहावे तसे विक्रेत्याकडे पाहिले. तोही समजायचे ते समजला आणि खालच्या टोपलीतले दाखवू लागला. वाण्याच्या दुकानात तिने आसामची एक चकती दाताखाली धरली. “आमसूलच, पण रंग उडालेलं,” असे म्हणून तिने पाव किलो घेतले. गवती चहाची जाड कांडी, ज्याला ते ‘सेराय’ म्हणतात, त्यांच्या वाटणात जाते आणि आपण ती पाने नुसती चहात उकळतो, याचे तिला वाईट वाटले. पाकात मुरवलेले जायफळाचे काप तिने तोंड वाकडे करून परत केले. जायफळाच्या सालीचे लोणचे तिच्या माहेरी होते, त्यापुढे हे काहीच नाही, असे तिचे मत पडले. मला ते आवडले होते.

अडचण सुरू झाली ती ‘बेलाचान’पासून. बारीक कोळंबी, आपला जवळा म्हणा ना, मिठात आंबवून, कुटून, उन्हात वाळवून त्याची वडी करतात. ती भाजली की सुकटीच्या दुकानातून जाताना येतो तसा दर्प येतो, आणि नारळाच्या दुधात शिजवलेला भात, शेंगदाणे, काकडी, अंडे आणि तळलेली बारीक मासळी अशा ‘नासी लेमाक’बरोबर येणाऱ्या लाल ‘सांबाल’मध्ये बहुधा ती असतेच. इतर दिवशी आईला याचा आनंदच होता. तिथे मात्र पालेभाजीतही बेलाचान असू शकते. ‘सायूर’ म्हणजे भाजी, आणि भाजी मागितली की भाजीच येते, फक्त ती कशात परतली हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो. ‘शाकाहारी’ हा शब्द पुरत नाही. काय नको ते नाव घेऊन सांगावे लागते: ‘तक माउ बेलाचान’, बेलाचान नको, ‘तक माउ तेलुर’, अंडे नको. गुरुवारच्या तयारीसाठी मी ही वाक्ये कागदावर लिहून घेतली.

बुधवारी संध्याकाळी नासी कांदर खायला गेलो. ‘कांदर’ म्हणजे कावड. तमिळ मुसलमान विक्रेते खांद्यावरच्या कावडीला एका बाजूला भात आणि दुसऱ्या बाजूला कालवण लावून बंदरावरच्या कामगारांना विकत, त्यावरून हे नाव पडले. कावड गेली, आता काउंटरवर पंधरा-वीस मोठी पातेली असतात, भातावर हवे ते घेऊन शेवटी चार-पाच रस्से एकावर एक ओततात. भरपूर हवा असेल तर ‘बांजिर’ म्हणायचे. बांजिर म्हणजे पूर, आणि मुंबईकराला ताटात तरी तो चालतो. माझा नंबर आला. मी कोंबडी मागितली, बांजिर म्हटले आणि गोमांस खात नाही हे सांगायला विसरले. वाढपी डाव उचलता उचलता थांबला आणि आईच्या कपाळावरच्या कुंकवाकडे पाहून त्याने विचारले, “हिंदू? नो बीफ?” मी हो म्हटल्यावर त्याने त्या पातेल्यातला डाव तिथेच ठेवला, दुसरा घेतला आणि फक्त मासळीचा, कोंबडीचा आणि डाळीचा रस्सा वाढला. त्यात सौजन्याचा आव नव्हता. मागे मोठी रांग होती आणि हे त्याच्या कामाचाच भाग असल्यासारखे त्याने अर्ध्या मिनिटात उरकले.

मला ते फार लागले, आणि त्याचे कारण पेनांगचे नव्हते. काही वर्षांपूर्वी मुंबईत भाड्याचे घर शोधताना दलालाने पहिला प्रश्न असाच विचारला होता: “मासे खाता का?” हो म्हटल्यावर त्याने फोनमधली घरांची यादी निम्मी केली. माहिती तीच, समोरचा काय खातो आणि काय खात नाही. एकाने ती ऐकून दार लावले, दुसऱ्याने डाव बदलला.

गुरुवार उजाडला, ४ डिसेंबर. मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार आणि त्याच दिवशी दत्तजयंती, म्हणजे पौर्णिमा. आईचा दिवसभर उपास होता. आमच्या घरमालकीण मलय, साठीच्या, डोक्यावरचा रुमाल कधी न सोडणाऱ्या. रोज सकाळी त्या आमच्यासाठी नासी लेमाकच्या केळीच्या पानातल्या पुड्या आणून ठेवत. आईने पुडी परत केली तेव्हा मी इंग्रजीत समजावू लागले, पण त्यांनी मध्येच विचारले, “पुआसा?” हा शब्द संस्कृत ‘उपवास’वरून आलेला आहे आणि मलय भाषेत रमजानच्या रोज्यालाही तोच आहे. आईने शब्द ओळखला. “हो, उपास,” ती मराठीत म्हणाली. घरमालकिणींनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला: त्यांचाही पुआसाच होता. सोमवारी आणि गुरुवारी ऐच्छिक रोजा ठेवण्याची प्रथा मुसलमानांत आहे, हे मला माहीत नव्हते. दोघींनी एकमेकींना सोडण्याची वेळ विचारली. त्यांची सूर्यास्ताची, आईची संध्याकाळच्या पूजेनंतरची. पंधरा-वीस मिनिटांचा फरक निघाला.

दुपारी नैवेद्याच्या शोधात आम्ही बाहेर पडलो. त्या दिवशी बाजारातल्या चिनी शाकाहारी हॉटेलांपुढे एरवी नसते एवढी गर्दी होती. चिनी पंचांगातही महिना अमावास्येला सुरू होत असल्यामुळे पंधरावा दिवस पौर्णिमेच्या आसपास येतो, त्या वर्षी तो नेमका त्याच गुरुवारी होता, आणि बौद्ध-ताओ परंपरेतली बरीच माणसे महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसाहार करत नाहीत. कडक पाळणारे कांदा-लसूणही टाळतात. “म्हणजे यांचा चातुर्मास महिन्याला दोन दिवस,” आई म्हणाली. मात्र त्या हॉटेलात सोयाबीन आणि गव्हाच्या चिकाचे केलेले, हुबेहूब बदकासारखे दिसणारे, कातडीच्या सुरकुत्यासुद्धा कोरलेले पदार्थ पाहून तिचा आदर जरा उतरला. उपासाच्या दिवशी बदकाचे सोंग कशाला, हा तिचा प्रश्न मला बिनतोड वाटतो.

गोड पदार्थांच्या एका टेबलापाशी ती थबकली. केवड्याच्या भावकीतल्या पांदान पानांनी हिरवी केलेली पातळ धिरडी, आत ओले खोबरे आणि ताडगूळ. मोदकाचे सारणच. नावाची चिठ्ठी होती ‘कुइह ददार’, आणि हे मी वाचून दाखवल्यावर दादरला फुले घ्यायला जाणाऱ्या आईला वाटले, नैवेद्य चालत आला. तिने चार बोटे दाखवली आणि मग, चव पाहायला पुढे केलेला तुकडा नाकारून, हात जोडून देवाला दाखवायचे आहे असे खुणेने सांगितले. विकणाऱ्या चिनी आंटींनी बांधायला घेतलेली पुडी थांबवली. “सेंबायांग?” त्यांनी विचारले. पूजेला हा मलय शब्द तिथले चिनीही वापरतात. आईने मान हलवली. आंटींनी धिरड्यावर बोट ठेवले, “तेलुर,” अंडे आहे, आणि पुडी सोडून चारही तुकडे पुन्हा ताटात लावले. मग त्यांनी कोपऱ्यावरच्या मोटरसायकलकडे हात केला. तिथे एक तमिळ माणूस पत्र्याच्या डब्यातून ‘पुतु मायाम’ विकत होता: वाफवलेल्या तांदळाच्या शेवयांच्या चकत्या, वर किसलेले खोबरे आणि गुळाची पूड. आंटींनी आमच्या वतीने त्याला मोठ्याने काहीतरी सांगितले. त्यात मला फक्त ‘सेंबायांग’ कळले, आणि त्याने वरची उघडी चळत बाजूला सारून खालची, कोणी हात न लावलेली काढून दिली.

मालवणात याला शिरवाळे म्हणतात, नारळाच्या रसात बुडवून खातात. आईने ते पान दोन्ही हातांत धरून घरापर्यंत आणले. खोलीतल्या टेबलावर स्टीलच्या पेल्याचा कलश झाला, लिटल इंडियातून आणलेली विड्याची पाने लागली, महालक्ष्मीच्या फोटोला मोगऱ्याचा गजरा घातला. पोथी वाचून होईपर्यंत मशिदीची बांग झाली होती आणि खालून घरमालकिणींनी खजूर पाठवले होते. आईने त्यातला एक आधी नैवेद्याला ठेवला, मग स्वतः खाल्ला, आणि शिरवाळ्यांची एक चकती मला खाली द्यायला लावली.

या एका दिवसावरून त्या देशाचे चित्र रंगवू नये, हेही मला तिथेच कळले. नऊ दिवसांत चिनी कोपितियाममध्ये डोक्याला रुमाल बांधलेली बाई मी एकदाही पाहिली नाही. डुकराची चरबी जिथे वापरतात तिथे मलय माणूस सहसा पाणीही पीत नाही, आणि हलालच्या सरकारी चिन्हाशिवाय त्याचा पाय चिनी दुकानात सहसा पडत नाही. टेबल एक, पण सगळे एका टेबलावर नसतात. मुले मलय, मँडरिन आणि तमिळ अशा वेगळ्या माध्यमांच्या प्राथमिक शाळांत जातात. १३ मे १९६९ ची क्वालालंपूरची दंगल आणि त्यानंतर १९७१ मध्ये आलेले, भूमिपुत्रांना झुकते माप देणारे आर्थिक धोरण, यांविषयी मी विमानतळाच्या वाटेवर टॅक्सीचालकाला विचारले, तर त्याने काचेबाहेर बोट दाखवून इथले ‘चार क्वे तियाओ’, म्हणजे तांदळाच्या चपट्या शेवया परतून केलेला पदार्थ, फार चांगले असते, असे सांगितले. भाड्याच्या घरांच्या जाहिरातींत कोणत्या वंशाचे भाडेकरू हवेत हे तिथेही लिहिलेले असते. म्हणजे दलाल तिथेही आहेत.

आईला मात्र शेवटपर्यंत एकाच गोष्टीचे आश्चर्य होते. “त्या आंटीला चार धिरड्यांचे पैसे सुटत होते,” ती विमानात म्हणाली. “आपल्याला कुठे कळणार होतं?”

बेलाचानची वडी मी बॅगेत घालू दिली नाही; चार प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळूनही तिचा वास येत होता. आसामच्या चकत्या आल्या. परत आल्यावरच्या पहिल्या रविवारी आईने माहीमच्या बाजारातून बांगडे आणले, वाटणात तिरफळे घातली आणि आमसुलांऐवजी त्या चकत्या टाकल्या. आंबटपणा बरोबर आला. रंग आला नाही; तिखले पांढुरके राहिले, आणि ताटावर बसण्याआधी तिने न बोलता त्यात दोन आमसुले सोडली. उरलेल्या चकत्या बरणीत आहेत, आणि बरणीवर तिच्या अक्षरात चिठ्ठी आहे: ‘मलेशियाचे आमसूल. गुरुवारी चालते.’